हे कोणाचं?

पूर्वी दारात येऊन घरातलं काही घेऊन जाणारी माणसं आपल्यालाच पैसे देत. रद्दीवाला तागडी घेऊन यायचा. त्याच्या मापात काहीतरी काळंबेरं आहे याची आईला पक्की खात्री असायची आणि तरी रद्दी वर्षानुवर्षं त्यालाच जायची. भंगारवाला बाटल्या, पत्र्याचे डबे, मोडकी इस्त्री न्यायचा. आणि दुपारी, जेवणं उरकून बायका जरा टेकल्या की डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण यायची. तिच्यापुढे जुने कपडे टाकायचे, ती एकेक उलगडून उजेडात धरणार, विरलेल्या जागी बोट घालून दाखवणार, "यात काय राह्यलंय, बाई?" म्हणणार. मग स्टीलच्या पातेल्यावरून घासाघीस. जरीचा काठ निघाला तर तिचा सूर बदलायचा, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि ती जाळून काढता येते हे तिला आणि आईला दोघींनाही ठाऊक होतं. पातेलं हाती आलं की आपण हिला फसवलं असं दोघींनाही वाटायचं.

आता मी घर आवरायला एका बाईला तासावर पैसे देते. ती येते, माझ्याच घरातल्या वस्तू माझ्यापुढे मांडते आणि मला प्रश्न विचारते. ही बातमी घरात फुटली तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे पसारा आपला, घाम आपला आणि वर पैसेही आपलेच?" हिशोब बरोबर होता. पण हेच काम आमचं आम्ही करावं म्हणून आम्ही किती रविवार घालवले आणि त्यातले किती पोह्यांच्या दुसऱ्या बशीपाशी संपले, ते या हिशोबात कोणी धरत नाही.

निमित्त पुनर्विकासाचं. आमची पुण्यात एरंडवण्यातली सोसायटी सत्तरच्या दशकातली. शासनाच्या २०१९ च्या नियमानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि सभासद संमती देतात ती नव्या कार्पेट एरियाचा आकडा पाहून. माळ्याचा विचार करून सही करणारा सभासद मी तरी पाहिला नाही. बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला तेव्हा मी विचारलं, "यात माळा कुठे आहे?" त्याला प्रश्नच कळला नाही. फॉल्स सीलिंग आहे, म्हणाला. आमच्या पिढीच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरावर, पॅसेजवर, स्वयंपाकघराच्या दारावर काँक्रीटचे माळे असत. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसांची सोय बघून कोणीतरी ते योजलेले असणार. वाडा सुटला, अडगळीची खोली सुटली, पण तिचे तुकडे छताखाली चढवून ठेवले. आता तेही जाणार होते.

तर ती आली. चाळिशीची, आधी बँकेत नोकरी केलेली. पिशवीत मापाची टेप, लेबलं छापायचं छोटं यंत्र, हातमोजे आणि स्वतःची पाण्याची बाटली. मला पहिल्याच वाक्यात काकू म्हणाली. पहिल्या भेटीत तिने कशालाही हात लावला नाही. सगळी दारं उघडायला लावली, फडताळं, ट्रंका, गोदरेजचं कपाट, पलंगाखालचे खण, आणि मोबाईलवर फोटो काढले. आपल्या कपाटाच्या आतला फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये बघणं हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

मी तयारीत होते. मारी कोंडोबद्दल वाचलेलं होतं. तिचं घर आवरण्यावरचं पुस्तक इंग्रजीत २०१४ मध्ये आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ती घराघरांत शिरली, आणि जगभरच्या बायकांनी टी-शर्टांच्या उभ्या घड्या घालायला सुरुवात केली. वस्तू हातात घ्यायची, आनंद होतो का बघायचं. होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. तिसऱ्या मुलानंतर, २०२३ मध्ये, आपण आता घर आवरण्याचा आग्रह बराचसा सोडला आहे असं तिने स्वतःच सांगून टाकलं, तेव्हा ती मला प्रथमच आवडली. आभार मानण्याचा भाग आपल्याला जड जायचं कारण नाही. खंडेनवमीला आपण पाना-पक्कड आणि शिलाई मशीनला हळदकुंकू वाहतो, पुस्तकाला पाय लागला तर हात कपाळाला जातो. पण नमस्कार केलेली वस्तू आपण टाकत नाही. तिथेच कोंडोबाईंची वाट आणि आपली वाट वेगळी होते.

आमच्या बाईने आनंदाबद्दल काही विचारलं नाही. माळ्यावरून पहिलं बोचकं खाली आलं, तिने ते हॉलमध्ये जुन्या चादरीवर सोडलं आणि म्हणाली, "काकू, हे कोणाचं?"

"घरातलंच आहे," मी म्हटलं.

"हो, पण घरातल्या कोणाचं?"

मला वाटलं होतं ती खोल्यांप्रमाणे ढीग करेल, किंवा कपडे, पुस्तकं, कागद असे. तिने माणसांचे ढीग केले. माझा, नवऱ्याचा, मुलीचा (बंगळूर), दिराचा (एडिसन, न्यू जर्सी), नणंदेचा (कोथरूड, म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं) आणि गेलेल्या सासूबाईंचा. संध्याकाळपर्यंत ढीग वाढले आणि मी बघत राहिले. ज्या घराबद्दल माझ्या पसाऱ्याचे टोमणे मी इतकी वर्षं ऐकले, त्यात माझा ढीग सगळ्यांत लहान होता. हे मी नवऱ्याला मुद्दाम दाखवलं.

कोंडोचा प्रश्न मला कधीच का लागू पडला नाही हे तेव्हा उमगलं. तो प्रश्न वस्तूला एक मालक आहे, तो जिवंत आहे आणि समोर बसला आहे असं धरून चालतो. एकत्र कुटुंबातून निघालेल्या घरात वस्तूंना मालक नसतो, राखणदार असतो, आणि राखणदाराला निरोप देण्याचा अधिकार नसतो. सून म्हणून आलेल्या बाईला तर नसतोच. मी आनंद होतो का हे कोणत्या नात्याने विचारायचं?

भांड्यांपाशी मात्र तिच्या प्रश्नाची उत्तरं तयार होती, काठावर कोरलेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. आता दुकानात विजेच्या सुईने करकर आवाज करत घालून देतात. पूर्वी बारीक छिन्नीने, ठिपक्याला ठिपका जोडत. सासूबाईंच्या लग्नातला पितळी डबा निघाला, त्याच्यावर त्यांचं माहेरचं नाव, 'आत्याकडून' आणि तारीख. एका तांब्यावर कोणाच्या तरी मुंजीचा दिवस. एका परातीवर 'कै.' आणि पुढे 'स्मरणार्थ'. ती कोणाच्या बाराव्या-तेराव्याला मिळालेली, घरात कोणालाही आठवेना. एका वाटीवर एका शिक्षक पतपेढीचं नाव, वार्षिक सभेची भेट. काही भांड्यांवर आमच्या घराशी काहीच संबंध नसलेली आडनावं होती. डबा भरून लाडू आले असतील, डबा परत करायचा राहिला असेल. सोसायटीच्या चार दशकांच्या देवघेवीची ही वहीच होती, आणि त्यात आमच्याकडची बाकी बरीच निघत होती. बाईने शेजाऱ्यांची भांडी वेगळी काढून नावांप्रमाणे पिशव्या भरल्या. मी त्या देत फिरले. एका घरात त्या आडनावाचं आता कोणी राहत नव्हतं, आणि एका घरातून मला आमचं झाकण परत मिळालं, ज्याचं पातेलं कधीच मोडीत गेलं होतं.

मोडीचा भाव तिने फोनवर दोन ठिकाणी विचारला. पितळ आणि तांबं वजनावर जातं. घडणावळ धरत नाहीत, नाव तर नाहीच. कसब्यातल्या तांबट आळीत ज्याने ठोका देऊन आमच्या माळ्यावरचं घंगाळ गोल केलं, त्याच्या हाताचा भाव शून्य. मी हळहळले तेव्हा नवऱ्याने सुचवलं की अडकित्ते आणि दिवे केळकर संग्रहालयाला द्यावेत. पुण्यातल्या प्रत्येक घराला आपला अडकित्ता संग्रहालयाच्या लायकीचा वाटतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना त्या नकोशा होत चालल्या होत्या. दिवे, वज्र्या, अडकित्ते, दौती घरोघरी फिरून त्यांनी जमवल्या आणि पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत तिथे आणि मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे बाकीच्या संग्रहालयाच्याही माळ्यावरच. हे ऐकून नवऱ्याने अडकित्ता स्वतःच्या ढिगात टाकला. सुपारी तो खात नाही.

सासूबाईंचा ढीग कमी होईना. त्यांनी काय ठेवलं नव्हतं? श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे, झाकणांसकट. दुधाच्या पिशव्या, धुऊन, घडी घालून, शंभराच्या गठ्ठ्यांत. साखरेच्या पोत्याचा सुतळी दोरा, गुंडाळून. भेटीच्या कागदांच्या इस्त्री केल्यासारख्या घड्या. सुना याला चिकटपणा म्हणतात, मीही म्हणत आले. पण त्यांचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाण्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्या लग्न होऊन सासरी होत्या. माहेर दोन मजले पाण्यात. त्यांच्या आईवडिलांनी अंगावरच्या कपड्यांवर पुन्हा संसार मांडला. नंतर बहात्तरचा दुष्काळ, रेशनच्या रांगा, गॅससाठी नंबर, स्कूटरसाठी नंबर. मिळेल ते ठेवायचं, कारण उद्या मिळेल याची खात्री नाही, ही त्या पिढीची समजूत अनुभवातून आलेली होती. तिला आता निरनिराळी नावं ठेवली जातात. मला वाटतं, पूर पाहिलेल्या बाईला सुतळी टाक म्हणणं हाच उद्धटपणा आहे. पण ती बाई गेल्यावर सुतळी सांभाळत बसणं हे मात्र तिच्या सुनेचं काम नाही. माळ्यावरून ती मीच खाली ओढली, बाईची वाट न पाहता.

साड्यांची गोष्ट वेगळी. इथे दोष सासूबाईंचा नाही आणि माझाही नाही; दोष टेरिलीनचा. जुन्या सुती लुगड्याला मरण होतं. नेसून विरलं की मधून फाडून दंड घालायचे. तेही गेलं की त्याची गोधडी, नाहीतर बाळंतिणीच्या घरी बाळोती आणि दुपटी. मग पोतेरं, चुलीवरून भांडं उतरवायचं फडकं, सायकलची चेन पुसायचा बोळा. शेवटी उरलेल्या चिंधीची वात किंवा काकडा होऊन तेलात जळून जायचं. लुगडं घरातून बाहेर जातच नसे, घरातच संपत असे. नायलॉन आणि पॉलिस्टर आले आणि कापड संपेनासं झालं. पाणी शोषत नाही म्हणून फडकं होत नाही, घाम टिपत नाही म्हणून गोधडी होत नाही, आणि पेटवायला जावं तर वितळतं. चाळीस वर्षांपूर्वीची गुलाबी नायलॉन साडी कालच्यासारखी निघाली. मला ती तेव्हाही आवडली नव्हती.

आपल्याकडे आवराआवरीची चाल नाही असं नव्हे. घटस्थापनेआधी दसरा काढतात. सातारा-कोल्हापूरकडे अजून हाच शब्द ऐकू येतो. सगळ्या गोधड्या-वाकळा ओढ्यावर जातात, डबे उन्हात पडतात, भिंती सारवतात, रंगवतात. माझ्या आजोळी ते दोन दिवस घर अक्षरशः अंगणात असे. पण दसरा काढणं म्हणजे बाहेर काढायचं, धुवायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. कमी करायचं कलम त्यात नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप बडवत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची जुनी रीत आहे. तिथेही अलक्ष्मी जाते, सूप घरात परत येतं.

'द्यायचं' असं लेबल लावलेली खोकी दाराशी लागली तेव्हा मी नेहमीचं वाक्य बोलले: मावशींना देऊ. आमच्याकडे भांडी-केर करणाऱ्या मावशी वीसेक वर्षं येतात. जुना मिक्सर, ब्लँकेटं, प्रेशर कुकर, सासूबाईंच्या साड्या, ती गुलाबीसुद्धा, मी मोठ्या मनाने त्यांच्यापुढे केलं. मावशींनी सगळं नीट पाहिलं. कुकर उचलला, रिंग आहे का बघितलं. मग म्हणाल्या, "कुकर नेते, ताई. बाकी कुठं ठेवू? आमची दहा बाय दहाची खोली. तुम्ही दिलेलं आधीचंच वरच्या फळीवर पडलंय." मी काही बोलायच्या आत बाईने खोक्यावरचं लेबल काढलं आणि दुसरं लावलं. आपला माळा रिकामा करून दुसऱ्याची फळी भरायची आणि त्याला दान म्हणायचं, हा उद्योग या शहरातल्या प्रत्येक इमारतीत चालतो. दिवाळीच्या आधी तर जोरात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी समोरासमोर नाही म्हणालं.

मग खरी वर्गवारी करणारी माणसं आली. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, २००८ मध्ये. आमच्या सोसायटीचा कचरा नेणाऱ्या ताई पायऱ्यांवर बसल्या आणि जे लावायला आम्हाला अर्धा दिवस लागला असता ते बोलता बोलता वेगळं केलं. प्लास्टिक नुसतं दाबून, आवाज ऐकून कोणतं ते सांगत होत्या. दुधाच्या पिशव्यांचे गठ्ठे पाहून त्यांनी विचारलं, "हे कोणी ठेवलं?" सासूबाईंनी, म्हटलं. "चांगलं ठेवलंय," त्या म्हणाल्या. धुतलेली पिशवी म्हणजे चांगला माल. सासूबाईंना उभ्या आयुष्यात घरातल्या कोणाकडून ही पावती मिळाली नव्हती. व्यावसायिक मदत म्हणजे काय, याचं उत्तर मी तेव्हापासून थोडं वेगळं देते. आमच्या बाई तासाला जे घेतात ते या ताईंना दिवसाला मिळत असेल का, याचा विचार मी एकदा केला आणि पुढे सरकले. सगळेच सरकतात.

देवांचा ढीग कोणाच्याच नावावर बसेना. कॅलेंडरवरचे, काच तडकलेले, लग्नात आलेले गणपती, एकाच शिर्डीहून वेगवेगळ्या माणसांनी आणलेल्या तसबिरी. बहुतेक लोक हे पिंपळाखाली पारावर ठेवून मागे न बघता निघून येतात, आणि पावसाळ्यात तो पार बघवत नाही. उत्तरपूजा करून लाकूड, काच, कागद वेगळं करणाऱ्या संस्था आता निघाल्या आहेत. बाईकडे त्यांचा नंबर होता. नवऱ्याने तेवढं पोचवायचं काम आपणहून घेतलं. देवांच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा भित्रा आहे.

राहिला 'विचारायचं' असं लिहिलेला ढीग, आणि तोच सगळ्यांत मोठा. दिराला व्हिडिओ कॉल लावला. बॅट, पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम, आयआयटीच्या तयारीच्या टपालाने येणाऱ्या नोट्स, शाळेचं प्रगतिपुस्तक. एडिसनमध्ये तेव्हा सकाळ होती. तो गहिवरला. म्हणाला, "वहिनी, असू दे ना. तिथेच ठेव."

"तिथे म्हणजे कुठे? घर पाडतायत."

तो गप्प झाला. तिकडे त्यानेही सामानासाठी एक खोली भाड्याने घेतली आहे, महिन्याला डॉलर मोजतो. त्यात काय आहे विचारलं तर नीट सांगता आलं नाही. बाई फोनच्या कक्षेबाहेर उभी होती, तिने एका कागदावर लिहून मला दाखवलं: कुरिअरचा खर्च त्यांचा, महिनाभरात सांगा. मी वाचून दाखवलं. अल्बम गेला. नोट्सचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. घरातल्या कोणी हे सुचवलं असतं तर दोन वर्षं अबोला टिकला असता. तिला तो परवडत होता. तिचे पैसे यासाठीच, असं मी नवऱ्याला सांगितलं, आणि पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

घंगाळाचं मात्र तिलाही जमलं नाही. पुरात वाचलेली माहेरची ती एकच वस्तू, सासूबाईंनी आणलेली. त्याच्यावर नाव नाही. माळ्यावर इतकी वर्षं पडलं होतं तेव्हा ते कोणालाच नको होतं. मोडीत घालायचं का, एवढंच मी कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं. नणंदेचं उत्तर आलं: आईची शेवटची आठवण आहे. दिराचं आलं: मीही तेच म्हणणार होतो. मग नणंदेने लिहिलं की आईचं शेवटचं आजारपण कोणी काढलं ते सगळ्यांना माहीत आहे. यावर बाई म्हणाली, "काकू, हे माझ्या कामात येत नाही," आणि तिने लेबलांचं यंत्र पिशवीत टाकलं. शहाणी बाई. कोथरूड रिक्षाने पंधरा मिनिटांवर आणि एडिसन विमानाने दिवसभराच्या अंतरावर, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. नणंद येऊन घंगाळ घेऊन गेली, चिंच लावून लखलखीत घासलं आणि गॅलरीत ठेवून त्यात मनी प्लँट लावला. मला फोटो पाठवला आहे. ग्रुपवर टाकू नकोस, असं खाली लिहिलं आहे.